त्रेचाळिसावा प्रश्न

रंगपंचमी होऊन रहाडी पुन्हा बुजवल्या गेल्या, की आमच्या क्लासच्या जिन्यात चपला वाढायला लागतात. नाशिकच्या जुन्या पेठांमध्ये रस्त्याखाली मोठाले दगडी हौद आहेत, त्यांना आम्ही रहाड म्हणतो. वर्षातून एकदा, रंगपंचमीला, ते उघडतात. त्यात रंगाचं पाणी भरतात, लोक काठावरून धपाधप उड्या मारतात, आणि मग फळ्या टाकून, वर माती लोटून हौद बंद. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यावरून रिक्षा धावतात. नवीन माणसाला सांगूनही पटत नाही की आपण उभे आहोत त्याच्या खाली एवढा खोल हौद आहे.

चपला वाढतात त्या अधिकारी व्हायच्या स्पर्धा परीक्षेमुळे. जाहिरात आली, फॉर्म सुटले, की निफाडपासून हरसूलपर्यंतची पोरं पाठीला सॅक लावून शहरात उतरतात. कोपऱ्याकोपऱ्यावर द्राक्षांचे हातगाडे लागलेले असतात, ऊन तापायला लागलेलं असतं, आणि ही पोरं अर्धा किलो द्राक्षं कागदाच्या पिशवीत घेऊन, एकेक मणी तोंडात टाकत, सनावळ्या पुटपुटत जिना चढतात. मी त्यांना इतिहास शिकवते. ती मला मॅडम म्हणतात. हा हंगाम आला की सगळ्या शहराला हुरूप येतो आणि मी मात्र कॅलेंडरकडे बघायचं टाळते.

यंदा जास्तच. कारण यंदाची जाहिरात माझी शेवटची आहे. होय, मी शिकवतेही आणि दर वर्षी फॉर्मही भरते. पुढच्या वर्षी वयाची अट मला आपोआप बाहेर काढेल. फॉर्मची मुदत रविवारी संपते. पप्पांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल पेनाने रिंगण केलं आहे. आणि त्या रविवारच्या आत मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, जी मी पंधरा वर्षं सांगितलेली नव्हती.

माझी अभ्यासिका अशोक स्तंभाच्या मागच्या एका गल्लीत होती. दुसरा मजला, एक लांबट हॉल, त्यात प्लायवूडचे आडोसे घालून केलेले चाळीस खण. एका खणात एक टेबल, एक दिवा, एक माणूस. खिडक्या होत्या, पण उजेडाने झोप येते म्हणून कुणीतरी त्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. आम्ही त्या खिडक्यांवरच्या जुन्या बातम्याही वाचायचो, चालू घडामोडी म्हणून. त्या घडामोडी चालू राहिल्या नव्हत्या, हा भाग वेगळा. माझा खण सत्तावीस नंबरचा. समोरच्या प्लायवर आधीच्या कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘फक्त एक वर्ष’. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘मी पण’. मी काहीच लिहिलं नाही. मला वाटायचं, माझं तर सहा महिन्यांतच काम होणार.

माझ्याकडे एक वही होती, दोनशे पानी, आडवी. ‘व्यक्ती आणि कार्य’. पानावर पट्टीने रकाने आखलेले: जन्म, गाव, संस्था, वृत्तपत्र, उपाधी, मृत्यू. आपल्या देशातल्या थोर माणसांपैकी जवळजवळ सगळी त्या वहीत राहायला होती. कुणाला दोन ओळी मिळाल्या तर तो फारच थोर. एकाच आडनावाचे दोन समाजसुधारक शेजारी आले की त्यांच्यात घोटाळा व्हायचा, म्हणून मी एकाला हिरव्या शाईने लिहायची. बिचाऱ्याने आयुष्यभर लोकांचे दगड खाल्ले, आणि माझ्याकडे आला तो हिरवा होऊन.

साहित्यिकांचं आणखी वाईट. कवीचं टोपणनाव मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, पण त्याची कविता मी वाचलेली नसायची. जोड्या लावा, एवढाच आमचा साहित्याशी संबंध. अ गटात नाटककार, ब गटात नाटकं. एकदा सार्वजनिक वाचनालयात कपाटाला हात लावला तर ब गटातलं एक नाटक खरोखरच पुस्तक म्हणून तिथे होतं. मी उभ्या उभ्या चार पानं वाचली. हसू आलं, पुढे वाचावंसं वाटलं, आणि एकदम अपराधी वाटून मी ते जागेवर ठेवलं. इतकं वाचून मार्क किती, तर अर्धा. मी परत खणात जाऊन बसले.

सगळ्यांत गंमत तुरुंगांची. कोण कोणत्या तुरुंगात होता, किती वर्षं होता, आणि तिथे त्याने कोणता ग्रंथ लिहिला, यावर हमखास प्रश्न. आम्ही चाळीस जण, वर्तमानपत्रं चिकटवलेल्या खिडक्यांच्या हॉलमध्ये बसून, दुसऱ्यांच्या कोठड्या पाठ करायचो. त्या माणसाला सकाळी जाग आली की काय वाटत असेल, तो पहिल्या वर्षी भिंतीकडे कसा बघायचा आणि सहाव्या वर्षी कसा, हे कुठल्याच पर्यायात नसायचं. ते मला त्या वेळी सुचायचंही नाही. सुचायला लागलं ते माझं सहावं वर्ष लागल्यावर.

आता मी सांगते ती चूक आमच्याच जातकुळीची माणसं करू शकतात. शेतकरी अशी चूक करत नाही, डॉक्टर करत नाही. गोल रंगवणारेच करतात.

पंधरा वर्षांपूर्वी पंचवटीतल्या एका शाळेत माझा परीक्षेचा नंबर आला होता. बाक पाचवीतल्या मुलांचे, गुडघे वर टेकत होते. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार गोल, त्यांतला एक काळ्या बॉलपेनने पूर्ण भरायचा. एकदा भरला की खोडता येत नाही. उत्तरपत्रिकेखाली एक पातळ प्रत असते, वरचं सगळं तिच्यावर उमटतं. मूळ कागद त्यांना द्यायचा, प्रत आपण घरी न्यायची. त्या वर्षी माझी तयारी झालेली होती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पहिले बेचाळीस प्रश्न मी गिरणीत दळण पडावं तसे सोडवले.

त्रेचाळिसावा प्रश्न आमच्या घरचा निघाला. गोदाकाठी देवळात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहाविषयी चार विधानं दिली होती, त्यातलं चुकीचं ओळखायचं होतं. तिसरं विधान होतं: ‘या सत्याग्रहात स्त्रियांचा सहभाग नव्हता.’

माझी पणजी त्या सत्याग्रहात बसलेली होती. पप्पांच्या वडिलांची आई. निफाडकडच्या एका खेड्यातून, हरभऱ्याची काढणी अर्धी टाकून, चार बायकांबरोबर पायी आली होती. आमच्या घरी भिंतीवर दोनच फोटो आहेत. एक आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात असतो तो, आणि दुसरा हिचा, कपाळावर पदर ओढलेला, कॅमेऱ्याकडे संशयाने बघणारी. लहानपणी मी पप्पांना विचारायची, ती काय करत होती तिथे? पप्पा सांगायचे, म्हातारी म्हणायची, “फरशी लय तापली हुती. पाय भाजत हुते. बाकी मला काय समजत नव्हतं, पण उठायचं नाय एवढं समजलं हुतं.”

तर मी तो प्रश्न वाचला आणि हसले. खरंच हसले. पर्यवेक्षक बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, अगं, आज तुझ्यावर प्रश्न आलाय. तुझं नाव नाही, पण तूच आहेस ती. मी नेहमीसारखी प्रश्नपत्रिकेवर तीन नंबरवर टिक केली, जरा ठसठशीतच. मग मान वर करून फळ्याकडे बघत किती वेळ गेला ठाऊक नाही, अर्धा मिनिट असेल. मला दिसत होते ते तिचे पाय. भानावर येऊन मी पान उलटलं आणि चव्वेचाळिसावा सोडवला, आणि त्याचं उत्तर त्रेचाळिसाव्याच्या ओळीत भरलं. टिक केली होती ना, त्यामुळे गोलही केला असं हाताला वाटलं.

शंभराव्या प्रश्नाचा गोल भरून मी पेन उचललं, तेव्हा दिसलं की तो नव्व्याण्णवच्या ओळीत होता. शंभरची ओळ खाली मोकळी. मी आधी विचार केला की छापण्यात चूक आहे. मग बोट वर वर नेत गेले, पंच्याण्णव, ऐंशी, साठ, आणि त्रेचाळीसला येऊन थांबले. सत्तावन्न गोल, सुबक, काळेभोर, सगळे एकेक घर वर.

हात वर केला. पर्यवेक्षक बाई आल्या. मी कुजबुजत विचारलं, “मॅडम, दुसरी उत्तरपत्रिका मिळेल?”

त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चांगल्या होत्या हो बाई. “नाही गं,” त्या म्हणाल्या. “तसं चालत नाही.”

“मग मी जाऊ?”

“वेळ संपेपर्यंत कुणालाच सोडता येत नाही. बैस. पाणी हवंय का?”

अकरा मिनिटं उरली होती. दाराला कडी होती आणि दारात शिपाई स्टुलावर. बाहेर आंब्याच्या झाडावर कोकीळ ओरडत होता, आणि माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा शेवटचे पाच प्रश्न सुटत नाहीत म्हणून डोकं खाजवत होता. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. त्याला निदान येत नव्हतं. मी हातात पेन, सगळी उत्तरं येत असलेली, गुडघे बाकाला टेकलेले, त्या अकरा मिनिटांत बसून राहिले. पुढे पंधरा वर्षांत किती तरी वेळा मला वाटलं आहे की पेपर संपल्याची ती घंटा अजून झालीच नाही.

घरी पप्पा दारात उभे होते. नाशिकरोडला छापखान्यात तपासणीच्या टेबलावर त्यांनी सगळी नोकरी काढली. छापून आलेला ताव उजेडाकडे धरायचा, ओळ सरकली का, रंग फाकला का, बघायचं आणि सदोष ताव बाजूला काढायचा. अजूनही लग्नाची पत्रिका आली तरी आधी ती तिरकी धरून बघतात, मग नवरा-नवरीचं नाव वाचतात. शिक्षण दहावी. त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण वस्तीतल्या विहारात माझ्याविषयी सांगताना ते ‘अभ्यास करते’ असं म्हणत नसत. ‘होणार आहे’ म्हणत.

“कसा गेला?”

“बरा,” मी म्हणाले.

निकाल लागला तेव्हा मी म्हणाले, “थोडक्यात गेलं. दोन मार्कांनी.” दोन हा आकडा मला बोलता बोलता सुचला. खरे मार्क सांगण्यासारखे नव्हते. मला वाटलं, ज्या माणसाने आयुष्यभर सरकलेल्या ओळी पकडल्या, त्याला मी कसं सांगू की माझी ओळ सरकली. त्याला कसं सांगू की आपल्याच म्हातारीच्या नादात सरकली. ते खचून गेले असते. दोन मार्क मात्र त्यांनी झेलले. “दोनच ना? मग ते भरून काढता येतात,” म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

तिथे मी अडकले. ज्याला मुळीच जमत नाही तो सुटतो, हे मी या क्षेत्रात राहून शिकले. दोन वर्षं बसतो, रडतो, आणि एक दिवस सॅक उचलून गावी जातो, दुकान टाकतो, शेततळं खणतो, सुखात राहतो. ज्याचं थोडक्यात जातं त्याची सुटका नाही. त्याला पुढच्या वर्षीचं गाजर दिसत राहतं. माझी तर दुहेरी कोंडी. जगासाठी मी दोन मार्कांनी गेलेली. मनात मी पास झालेली. मग या खणातून उठायचं ते कोणत्या तोंडाने? पुढच्या वर्षी पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षा गेली. त्याच्या पुढच्या वर्षी पूर्वही गेली. दर दहा प्रश्नांनी नंबर जुळवून बघण्याची सवय इतकी लागली, की वेळ पुरेना. आई होती तोवर अधूनमधून लग्नाचं काढायची. मी म्हणायची, पोस्ट निघू दे. आई गेली. पोस्ट निघाली नाही. स्थळं यायची बंद झाली तेव्हा मला बरंच वाटलं, कारण नाही म्हणायचं एक काम कमी झालं.

अभ्यासिकेतली माणसं बदलत गेली. माझ्या शेजारच्या खणात चार अधिकारी होऊन गेले आणि अकरा जण नुसतेच गेले. नवीन मुली मला आधी ताई म्हणायच्या, मग मॅडम म्हणायला लागल्या. शेवटी एका क्लासवाल्या सरांनी बोलावून घेतलं. पोरांपुढे माझी ओळख करून देताना ते अजूनही म्हणतात, “दोन मार्कांनी हुकलेल्या आहेत मॅडम. दोन मार्कांची किंमत त्यांना विचारा.” पोरं आदराने बघतात. म्हणजे माझी थाप हीच माझी पदवी झाली. माझ्या वहीत माझ्यासाठी ओळ असती तर उपाधीच्या रकान्यात तेवढंच आलं असतं.

या सोमवारी मी वर्गात तोच सत्याग्रह शिकवत होते. दर हंगामात शिकवते. फळ्यावर रकाने: स्थळ, नेतृत्व, स्वरूप, परिणाम. परिणामाच्या रकान्यात माझ्या जुन्या वहीतलं वाक्य आहे, तेच मी लिहिते: प्रवेश मिळाला नाही. पोरांनी खाली माना घालून उतरवून घेतलं. पहिल्या बाकावर वनिता बसते, हरसूलची. सकाळच्या पहिल्या गाडीने येते, डबा खाऊन हात पुसेपर्यंत पुस्तक उघडते. तिने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

“मॅडम, इतके दिवस बसले, तरी दार नाय उघडलं?”

“नाही.”

“मग फुकटच गेलं ना ते?”

वर्गात कुणीतरी हसलं. मी नेहमीचं उत्तर दिलं, जागृती वगैरे. वनिताने ‘जागृती’ असं लिहून घेतलं. तिचं समाधान झालेलं नव्हतं, पण मार्क मिळण्यापुरतं झालं होतं. जाताना ती माझ्या टेबलाशी थांबून म्हणाली, “मॅडम, तुम्ही यंदा परत बसणार हाय ना? आम्हाला लय धीर येतो तुमच्याकडं बघून.” मला वाटलं, बाई, माझ्याकडं बघून पळत सुट. पण मी म्हणाले, “बघू.”

घरी जाताना बसमध्ये खिडकीशी बसले. शालिमार चौकात जयंतीच्या कमानी उभ्या राहत होत्या, बांबूंवर निळं कापड चढत होतं. आठवी-नववीतल्या मुली लेझीम हातात घेऊन रस्त्याकडेला सराव करत होत्या. त्यांच्यात कधीकाळी मीही होते, एवढ्याच वयाची, एवढ्याच घामाची. तेव्हा ते माझ्यासाठी एका माणसाची जयंती होती, जन्मतारखेचा प्रश्न नव्हता. मला एकाएकी रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, “ऊन बाधलं का?” मी हो म्हणाले.

पप्पा पंख्याखाली जमिनीवर बसून मटार सोलत होते. मीही समोर बसले. भिंतीवरून पणजी नेहमीसारखी संशयाने बघत होती.

“पप्पा, यंदा मी फॉर्म भरत नाही.”

त्यांचा हात थांबला नाही. एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. “रविवारपर्यंत वेळ आहे,” म्हणाले.

“वेळेचं नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. ते दोन मार्क...”

ते उठले. मला वाटलं रागावले. कपाटातून त्यांची पत्र्याची पेटी काढली आणि तिच्यातून एक फाइल. तिच्यात माझी सगळी हॉलतिकिटं होती, वर्षावार लावलेली. प्रत्येकावर माझा फोटो, वरून खाली वयाने कमी होत जाणारा. सगळ्यांत तळाला एक पातळ, पिवळट कागद, घडीवर चिरलेला, आणि त्याला टाचलेली ती प्रश्नपत्रिका. हे दोन्ही मी रद्दीत टाकलं होतं. कागदाबरोबर कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची एक पट्टी होती, तिच्यावर पेन्सिलीने शंभर उत्तरांचे बारीक आकडे.

पप्पांनी प्रत जमिनीवर पसरली आणि पट्टी तिच्या बाजूला लावली. “बेचाळीसपर्यंत सरळ,” ते म्हणाले. मग पट्टी एक घर वर सरकवली. “इथून पुढं हे असं. आमच्या टेबलावर असा ताव आला असता, तर मी लांबूनच बाजूला काढला असता.”

मी पट्टीवरचे आकडे बोटाने वाचत गेले.

“उत्तरतालिका आली त्या आठवड्यातच बसलो होतो घेऊन,” ते म्हणाले. “तू प्रश्नपत्रिकेवर टिका केल्या होत्यास, त्या मोजल्या. पास होतीस. चांगली पास होतीस.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू म्हणालीस दोन मार्कांनी गेलं. मला वाटलं, पोरीला ठाऊकच नाही. मी सांगितलं असतं तर तू हायच खाल्ली असतीस. त्यापेक्षा म्हटलं, दोन मार्क तर दोन मार्क. करील भरून.”

“मला हॉलमध्येच कळलं होतं, पप्पा.”

पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी स्पीकर तपासत होतं, एक दोन तीन, एक दोन तीन.

“मग इतकी वर्षं कशाला बसत राहिलीस?”

“तुमच्यासाठी.”

“आणि मी दर वर्षी जाहिरातीचं कात्रण कापून तुझ्या ताटाशेजारी ठेवायचो, ते काय मला हौस होती?” असं म्हणून ते हसायला गेले, पण ते जमलं नाही. चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले. मी त्यांच्यावर चिडले होते आणि मला त्यांची दयाही येत होती, आणि माझी त्याहून जास्त. पंधरा वर्षं एकाच घरात दोन माणसं एकमेकांना जपत होती. त्या जपण्यात माझं सगळं तरुणपण गेलं. हे मी इथे स्पष्टच लिहिते, कारण त्या दुपारी ते मला स्पष्टच वाटलं.

चष्मा परत चढवून ते म्हणाले, “एक मला कधी समजलं नाही. त्रेचाळीसलाच का थांबलीस? तो तर आपल्या घरचा प्रश्न होता.”

“म्हणूनच थांबले. पणजी आठवली. तिचे पाय भाजत होते ते.”

पप्पांनी भिंतीकडे बघितलं. मग हळूहळू, मटाराची भांडी बाजूला सारून, मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आधी कधी सांगितली नव्हती. माझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून आमच्या घरात गोष्टी सांगणंच बंद झालं होतं. पणजी तुकडीबरोबर पाळीपाळीने जाऊन बसायची. दार उघडलं नाही. पुढे सांगावा आला की आता बसायचं नाही, या दाराचा नाद सोडायचा, आपण आपली वाट बघू. गावाकडची माणसं हळहळली, एवढं केलं आणि वाया गेलं म्हणाली. म्हातारी मात्र परत आली ती ताठ. राहिलेलं रान आवरायला घेतलं. पुढे आयुष्यात कधी त्या दाराकडे बघितलं नाही. नाशिकला बाजाराला आली तरी वळसा घालून जायची. कुणी म्हणालं, आजी, आता आत जाता येतं, कुणी अडवत नाही, तर म्हणायची, “मला काय काम हाय तिथं?”

“तुझ्या वहीत काय लिहिलंयस? परिणाम?” पप्पांनी विचारलं. त्यांनी ती वहीही वाचलेली होती तर.

“प्रवेश मिळाला नाही.”

“ते झालं दाराचं,” पप्पा म्हणाले. “माणसं उठली, ते कुठं लिहिलं?”

वनिताला शुक्रवारच्या तासाला काय सांगायचं ते मला कळलं होतं. ते फळ्यावरच्या रकान्यात मावणार नव्हतं, आणि त्यावर मार्कही नव्हते.

पप्पांनी हॉलतिकिटं पुन्हा फाइलमध्ये लावली. ती उत्तरपत्रिकेची प्रत मात्र त्यांनी आत ठेवली नाही. घडी घालून माझ्या हातात दिली. “म्हातारी सांगायची,” ते म्हणाले, “बसायला काही वाटलं नाही. उठताना लय त्रास झाला. पाय आपले राहिलेच नव्हते.”

ऊन भिंतीवरून खाली आलं होतं. मी किती वेळ मांडी घालून बसले होते कोण जाणे. उठायला गेले तर दोन्ही पायांना मुंग्या, जमीन लागेना. मी पप्पांच्या खांद्याला धरलं.

“सावकाश ऊठ,” ते म्हणाले. “घाई कसली आहे आता.”